शेवटली बांधी

चैतराम अंगणात बसून धोतराला नीळ देत होता. दुपारी गावात कार्यक्रम होता, अन् सत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्टेजवर खुर्ची मिळणार होती. धोतर पांढरंशुभ्र निघायला पाहिजे म्हणून त्यानं बायकोलाही हात लावू दिला नव्हता. तेवढ्यात शामकला फाटकातून आत आली अन् रामराम-शामराम काही न करता तिनं तोंडाचा पट्टा सोडला.

“का गा भाऊ, माह्या धानाची माती करून राह्यले ना तुमी?”

“आता मी काय केलो वो?”

“काय केलो? वीस दिवस झाले, पान्याचा थेंब नाई. धान पोटरीवर आलं. बांधीत ह्या एवढ्याल्या भेगा पडल्या, पाय जाते मधात! आज तुडूम उघडून राह्यलं मंतात. अन् पह्यलं पानी कोनाले? तं तुडुमाच्या बुडाशी असलेल्या बांधीले! मंग माह्यापर्यंत काय येईल? वास?”

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी पाटात सोडायचं दार. बेलटोल्याचा पाट तिथून निघतो तो चाळीस-पन्नास बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, कडेकडेनं पार रेल्वेच्या रुळापर्यंत जातो. त्या रुळाला लागून शामकलानं ठेक्यानं केलेली दोन एकर. सौंदडकडे जाणारी गाडी तिच्या धानाला वारा घालत जाते, पण पाणी मात्र तिला सगळ्यात दूर.

“अवो, ती बांधी ईश्वरदासची आहे,” चैतराम समजुतीच्या सुरात म्हणाला. “मान आहे तो त्याचा. एका दिवसाची तं गोष्ट.”

“मेलेल्याले मान अन् मले मरन! ईश्वरदासभाऊ राह्यला असता तं तुमाले काय मनला असता, मालूम आहे ना?”

चैतरामला मालूम होतं. त्यानं निळीच्या पाण्यात धोतर उगाच दोन वेळा जास्तीचं बुडवलं.

शामकला गेल्यावर बायको देवकाबाई चुलीपासून म्हणाली, “इतकी वरसं तुमी मीटिंगमधी मुक्यावानी बसत होते, तेच बरं होतं.”

“तू गप वो.”

“मी गपच आहे. धोतर निळं करून राह्यले, ते पाहा.”

पाहिलं तर खरंच, धोतर चांगलं आभाळाच्या रंगाचं झालं होतं.

आता हा ईश्वरदास कोण, ते सांगितलं पाहिजे. बेलटोल्याचा तलाव बांधला त्यांच्या-आमच्या पणज्यांच्या पणज्यांनी. कोहळी लोकांच्या हाताला ती खाजच आहे, उतार दिसला की पार, म्हणजे पाणी अडवायचा मातीचा बांध, घालायची. पण बांधणारे गेले, अन् तलाव सांभाळायला गावाला मिळाला ईश्वरदास कापगते. माणूस पाच फुटांचा, आवाज मात्र पारीच्या ह्या टोकावरून त्या टोकावर ऐकू जाणारा. चाळीस वर्षं त्यानं गावाचं पाणी वाटलं. ना पगार, ना मानधन, ना कोणी विचारलं. पारीला उंदरानं बीळ केलं तर त्याला आधी ठाऊक. पोळा झाला की घरटी एक माणूस टोपलं-फावडं घेऊन पाट साफ करायला आलाच पाहिजे. जो नाही आला त्याच्या दारात हा सकाळी पाच वाजता उभा. कोणाची बाई अडली, बैलबंडी जुंपून सौंदडच्या स्टेशनावर पोचवणारा हाच. कोणी मेलं, तिरडी बांधणारा हाच. आणि हे सगळं करताना तोंडात शिव्या! लग्नाच्या पंगतीत भात वाढायचा तोही शिवी देऊन. “घे ना बे भैताडा, लाजते काऊन!”

त्याची एक खास शिवी होती. लांबलचक, सुरुवात ‘भैताडाच्या’ पासून, मधात माणसाच्या आज्या-पणज्याची विचारपूस, अन् शेवटाकडे एक शब्द असा, की तो इथं लिहिला तर तुम्ही पुस्तक घरात ठेवणार नाही. ती शिवी ज्यानं खाल्ली नाही असा माणूस बेलटोल्यात नव्हता. सरपंच असो, तलाठी असो, पाट अडवला की शिवी. बांधीशेजारच्या रामलालनं तर म्हणे एका मोसमात सतरा वेळा खाल्ली.

अन् चैतराम त्याचा जिवाचा दोस्त, पण अगदी उलट्या मुशीतला. त्यानं उभ्या जन्मात बैलालाही वंगाळ शब्द काढला नाही. दोघं रोज सकाळी पारीवरून फिरायचे. ईश्वरदास शिव्या देत पुढं जायचा, चैतराम मागून समजूत काढत यायचा. “मनावर नोको घेऊ बापू, तो असाच आहे.” गाव ह्या दोघांना मिळून एक माणूस धरायचं. वैशाखात ईश्वरदास गेला, पारीवर बसल्या बसल्या, बिडी पेटवता पेटवता. तेव्हापासून चैतराम सकाळी पारीवर जायचा, पण अर्ध्यातून परत यायचा.

पाणी वाटायचा ईश्वरदासचा कायदा एकच होता. जो शेवटी, त्याला पहिलं. तुडूम उघडलं की पाणी थेट रुळापर्यंत गेलं पाहिजे, मग एकेक बांधी करत वर यायचं. त्याची स्वतःची बांधी तुडुमाच्या अगदी खाली, हात घातला तर तलावात बुडेल इतकी जवळ. ती सगळ्यात शेवटी. चाळीस वर्षांत चार-पाचदा तरी त्याची पाळी येईतो तलाव आटला होता. तरी कायदा हलला नाही. बाहेरचे लोक हसायचे. “समुद्राजवळ राहून तहानलेला,” म्हणायचे.

गणपती बुडले त्या दिवशी यंदा पाऊस गेला तो गेलाच. तलाव निम्माच. ग्रामपंचायतीत सभा भरली. पाणी सोडायचंच आहे, तर त्याच दिवशी ईश्वरदासभाऊचा सन्मान करू, असं सरपंच नीतूनं मांडलं. नीतू तिशीतली पोरगी, कामाची, पण सगळं झटक्यात पाहिजे तिला. मग काय, एक म्हणे पुतळा बसवू, दुसरा म्हणे गेट बांधू, तिसरा म्हणे ‘जलरत्न’ अशी पदवी देऊ. अशात चैतराम उठला. तो उठला हेच इतकं नवल होतं की सभा चिडीचूप झाली.

“माह्या दोस्तानं चाळीस वरसं शेवटी पानी घेतलं,” तो म्हणाला. “एका वेळी तरी त्याच्या बांधीले पह्यलं पानी देऊ. तोच त्याचा मान.”

दोन-चार म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, अन् टाळ्यांच्या कडकडाटात ठराव पास झाला. ईश्वरदासची बायको जमुनाबाई तेव्हा लेकीकडे देवरीला गेली होती. तिला काही सांगायचं नाही, दिवसाच्या दिवशी तिला खुशीचा धक्का द्यायचा, असं ठरलं. चैतराम हवेत होता. रामलाल मात्र जमिनीवर होता. त्याची बांधी ईश्वरदासच्या लगत, दुसरी. कायदा एकदा मोडला की पाणी आपसूक पुढं आपल्याकडेच, हे त्याला सभेतच कळलं, अन् सगळ्यात मोठ्यानं टाळ्या त्यानंच वाजवल्या. पोळ्यानंतर दारात उभा राहायला ईश्वरदास नव्हता, म्हणून खालचा पाट ह्या वर्षी साफ करायला कोणी गेलंच नव्हतं. आता तर कशाला जातील? पाणी वरूनच भेटून राहिलं ना बाप्पा!

दुपारी पारीवर मंडप घातला. गोंदियाहून मुन्नालालचा लाऊडस्पीकर आला. तुडुमाच्या लोखंडी चाकाला लाल रिबीन. मागं भलामोठा बॅनर. आता ईश्वरदासचा फोटो कुठून आणायचा? स्वच्छ कपड्यातला त्याचा एकही फोटो निघेना. शेवटी मतदानाच्या कार्डावरचं तोंड कापून कोणाच्या तरी कोटावर बसवलं, डोक्यावर फेटा चढवला. जमुनाबाई पहिल्या रांगेत येऊन बसली अन् बराच वेळ बॅनरकडे पाहत राहिली.

“भाऊजी, हा कोन मानूस आहे?” तिनं चैतरामला विचारलं.

“वहिनी, ईश्वरदास आहे ना!”

“हो का. कोट चांगला आहे,” ती म्हणाली.

पाहुणे म्हणजे भैयाजी, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, ते दीड तास उशिरा आले. कडक इस्त्रीचा पांढराफेक कुर्ता. भाषणं सुरू झाली. “स्वर्गीय ईश्वरदासजी अत्यंत मृदुभाषी होते...” असं एकानं म्हटल्याबरोबर मागं बसलेल्या पन्नास लोकांना एकदम खोकला लागला. “त्यांच्या मुखातून कधी कठोर शब्द निघाला नाही...” आता मात्र रामलाल उठून मंडपाच्या मागं जाऊन हसून आला. भैयाजींनी हिंदी-मराठी मिसळून पंधरा मिनिटं घेतली. “ऐसे लोग अब कहाँ भेटतात!” असं ते तीन वेळा म्हणाले.

मग चैतरामचं नाव पुकारलं. त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. निळ्या धोतरात तो माइकसमोर उभा राहिला अन् चिठ्ठीवरचं एक अक्षर त्याला दिसेना, डोळे असे भरले. “मी काय बोलू? आता पानीच बोलंल,” एवढंच म्हणाला अन् खाली बसला. खरं सांगतो, त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं भाषण तेच.

भैयाजींनी रिबीन कापली, चाक फिरवलं. तुडुमातून पाणी फसफसत पाटात उतरलं. पाटात ईश्वरदासच्या बांधीच्या तोंडाशी आडवा बांध आधीच घालून ठेवला होता, बांधीचं तोंड फोडून ठेवलं होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा. पाणी आलं, बांधाला थडकलं अन् झेंडूमधून वळायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ‘ईश्वरदासभाऊ अमर रहे’ म्हटलं.

जमुनाबाईच्या अंगावर शाल, हातात नारळ. तिनं मान वर करून पाहिलं.

“भाऊजी, हे पानी कुठं चाललं?”

“तुमच्या बांधीत, वहिनी!” चैतरामचा चेहरा फुलून गेला होता. “पह्यलं पानी! गावाकून ईश्वरदासचा मान.”

जमुनाबाईनं नारळ खुर्चीवर ठेवला, शाल कमरेला खोचली अन् पासष्ट वर्षांची बाई पारीचा उतार अशी उतरली की दोन पोरं धरायला धावली ती मागंच राहिली. तिच्या हातात फावडं नव्हतं, टोपलं नव्हतं. ती सरळ बांधीच्या तोंडात पाण्यात जाऊन बसली. मांडी घालून. नवं लुगडं, झेंडूची माळ गळ्यात आल्यासारखी, अन् पाणी तिच्या पाठीला थडकून परत फिरलं.

सगळा मंडप उभा राहिला. मुन्नालालनं घाबरून गाणं लावलं, नीतूनं त्याला बंद करायला लावलं.

चैतराम पळत खाली आला. “वहिनी, उठा! काय करता हे? लोकं पाहून राह्यले!”

“पाहू द्या. भाऊजी, माह्या रेणूचं लगन होतं त्या वरसी आठवते तुमाले? असाच पाऊस गेला होता. मी त्याच्या पाया पडली. मनलं, एका वेळी आपली बांधी पह्यले भिजव, लेकीचं लगन आहे. तं काय मनला? ‘आज माह्या लेकीचं लगन, उद्या रामलालच्या लेकीचं, परवा कोनाचं बारसं. मंग शेवटच्याले पानी कधी?’ अर्धी बांधी जळली आमची. चार महिने मी त्याच्याशी बोलली नाई. भाकर वाढली, पण बोलली नाई.”

पाणी तिच्या कमरेपर्यंत चढलं होतं.

“हा उपास त्याच्या एकट्याचा नाई, भाऊजी. माहाही आहे. चाळीस वरसाचा. तो गेला, अन् तुमी आज मले न पुसता माह्या तोंडात घास कोंबून राह्यले?”

चैतरामचं तोंड एवढंसं झालं. त्यानं सगळ्या गावाला विचारलं होतं, अन् जिनं हा कायदा आपल्या पोटावर सोसला तिलाच विचारलं नव्हतं. शामकला सकाळी ओरडून सांगून गेली, तेही त्यानं निळीत बुडवलं होतं. दोस्ताचा मान करता करता आपण त्याचं चाळीस वर्षांचं काम झेंडूच्या दोन माळा घालून मोडायला निघालो, हे त्याला आता, इतक्या लोकांत, निळं धोतर नेसून कळलं. लाज वाटली, फार लाज वाटली.

तो पाण्यात उतरला. कोणाचं तरी फावडं ओढून घेतलं अन् आडवा बांध फोडला. पाणी सुटलं, खालच्या पाटात धावलं, अन् वीस हातांवर जाऊन थांबलं. पाटात माणूसभर बेशरमाची झुडपं माजली होती. पोळ्यानंतर साफच केलं नव्हतं कोणी. पाणी तिथंच फुगायला लागलं, अन् सरळ रामलालच्या बांधीकडे तोंड करायला लागलं. रामलाल पारीवर उभा राहून दुसरीकडेच पाहत होता.

चैतरामनं वर पाहिलं. दोनशे माणूस, धुतलेले कपडे, कपाळाला टिळे, हाताची घडी घालून उभं. त्यानं फावडं चिखलात रोवलं.

“अबे भैताडाच्याहो!”

तो तिथंच थांबला नाही.

“पाहता काय तमाशा! तुमच्या आज्यानं पाट खोदला, पणज्यानं पार घातली, अन् तुमाले झुडूप तोडता येत नाई का बे मुर्दाडाहो? उतरा खाली! रामल्या, कुठं लपते बे? तू पह्यले!”

एक क्षण कोणालाच काही उमजेना. मग मागून एक म्हातारा ओरडला, “अरे, ईश्वरदास आला रे बाप्पा!” अन् सगळी पार हसायला लागली. हसता हसताच लोक उतरले. कोणी जोडे काढले, कोणी नाही काढले. बाया लुगडी खोचून उतरल्या, देवकाबाई सगळ्यांच्या पुढं. नीतूनं पोरं पिटाळून घराघरातून विळे-कोयते-फावडी मागवली. बेशरम सपासप पडायला लागलं. गाव करील ते राव काय करील म्हणतात, ते खोटं नाही; पण गावाला आधी कोणीतरी शिव्या घालाव्या लागतात.

चैतरामचं तोंड आता सुटलं ते सुटलंच. सत्तर वर्षांचा साठा होता तो. पाटाच्या काठावर एक पांढरा कुर्ता पाठमोरा उभा दिसला, तसा तो ओरडला, “ओ पांढऱ्या बगळ्या! मासे धरून राह्यला का गा? उतर ना मधात!”

बगळा वळला. भैयाजी होते ते.

चैतरामचा हात फावड्यावर तसाच राहिला. नीतूनं कपाळावर हात मारला. भैयाजींनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग कुर्त्याच्या बाह्या वर केल्या अन् चिखलात उतरले. उतरले ते गुडघ्यापर्यंत रुतले.

“काका, पच्चीस साल झाले राजनीतीत,” ते हसत म्हणाले. “सब लोग वर चढवतात. पह्यल्यांदा कोणी खाली बोलावलं.” अन् खरंच, त्यांनी तासभर काम केलं. त्यांचा एक जोडा त्या पाटात गेला, तो अजून सापडला नाही.

पाणी पुढं, माणसं त्याच्याही पुढं, असा तो वरातीसारखा मोर्चा पाटापाटानं चालला. रामलाल मान खाली घालून दोघांचं काम एकटा करत होता. उन्हं कलली तेव्हा पाणी रुळापाशी पोचलं. शामकला आपल्या बांधीच्या तोंडाशी उभी होती. पाणी तिच्या भेगांमध्ये शिरलं अन् गुडगुड आवाज करत आत जात राहिलं, जात राहिलं. जमीन इतकी तहानलेली की घटकाभर वर पाणी दिसेचना. शामकला खाली बसली अन् हात पाण्यात घालून तशीच बसून राहिली. रडत होती की हसत होती, ते तिचं तिला ठाऊक.

“शामकला,” चैतराम जवळ जाऊन म्हणाला, “सकाळी तू बराबर मनली वो.”

“मालूम आहे,” ती म्हणाली.

सन्मानाचं जेवण मंडपात होतं, ते मग नीतूनं ट्रॅक्टरवर टाकून रुळापाशी आणलं. भात, आलूवांग्याची भाजी अन् बुंदी. चिखलानं भरलेले दोनशे लोक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रांगेनं बसून जेवले. भैयाजी एका जोड्यानिशी जेवले. अन् जेवता जेवता, कोणी सुरुवात केली ठाऊक नाही, एकेक जण आपण खाल्लेल्या शिव्या सांगायला लागला.

“मले मनला होता, तुहा मेंदू तुडुमात अडकला का?”

“मी नवरी होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हशी पाटात बसल्या होत्या. नव्या नवरीले मनला, तुही म्हैस काढते का तुलेच काढू?”

“माह्या लेकराचा ताप उतरत नव्हता. पानी पडून राह्यलं होतं, त्यानं बंडी जुंपली. सौंदडपर्यंत मले शिव्या देत गेला, आदी काऊन नाई सांगितलं मनून. लेकरू आता पुन्याले आहे.”

“सतरा!” रामलाल मान वर करून म्हणाला. “एका मोसमात सतरा. अन् माहा बाप मेला तं तेरा दिवस माह्या बैलाले चारा त्यानंच टाकला.” बोलता बोलता त्याचा घास हातातच राहिला.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, अन् काहींच्या डोळ्यांत ते हसण्याचं नव्हतं. जमुनाबाई ओल्या लुगड्यानं बसून सगळं ऐकत होती. ‘मृदुभाषी’वाल्या भाषणात तिला आपला नवरा कुठं सापडला नव्हता. इथं सापडला.

त्या दिवसापासून पाणी रुळाकडून वर यायला लागलं. एकेकाची पाळी, एकेकाची बांधी. चैतराम रोज सकाळी पारीवर जाऊ लागला, अन् आता अर्ध्यातून परत येत नव्हता. तलाव मात्र रोज चार बोटं उतरत होता. लोक मनातल्या मनात हिशेब करायचे. शेवटच्या बांधीपर्यंत पुरेल की नाही, हे विचारायची कोणाची हिंमत होत नव्हती. जमुनाबाईला विचारलं तर ती म्हणायची, “उरलं तं उरलं. मले सवय आहे.”

मधल्या दिवसांत नीतूनं ईश्वरदासच्या बांधीच्या तोंडाशी एक काळा दगड उभा केला. पदवी नाही, फेटा नाही. पांढऱ्या रंगानं दोनच शब्द लिहिले: शेवटली बांधी. तलावाच्या बुडाशी असलेल्या पहिल्या बांधीवर ही पाटी पाहून नवा तलाठी गोंधळला. “दगड चुकून इथं लावला का?” त्यानं विचारलं. शामकला तिथं पाट उकरत होती. तिनं कमरेवर हात ठेवून त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं; बिचाऱ्याची बस चुकली.

हो, शामकला. तिचं धान भिजून सात दिवस झाले होते. तरी रुळापासून एवढ्या दूर रोज येऊन ती वरचा पाट साफ करत होती. जमुनाबाईच्या बांधीला येणारं पाणी कुठं अडू नये म्हणून. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी रामलालची पाळी संपली. आता ईश्वरदासची बांधी. तलावात पाणी तुडुमाच्या तोंडाला जेमतेम लागून होतं, चार बोटं म्हणा. चैतराम दगडाशी येऊन बसला. जमुनाबाई चहाची किटली घेऊन आली. दोघं पाटाकडे पाहत बसले. पाण्याची धार बारीक यायची, बांधीच्या तोंडात वळताना आणखी बारीक व्हायची.

“संपलं वाटते, भाऊजी,” जमुनाबाई म्हणाली. तिनं सहज म्हटलं, पण पाटावरची नजर काही काढली नाही.

चैतराम उठला. त्यानं पाटाच्या कडेकडेनं नजर टाकली. रामलालच्या बांधीचं तोंड हातभर उघडं! पाळी संपली तरी तोंड बुजवलं नव्हतं, अन् अर्धं पाणी इकडे न वळता पुढं तिकडेच वाहून जात होतं. रामलाल पलीकडच्या धुऱ्यावर पाठ करून धानातलं गवत उपटत होता. सात दिवस शहाण्यासारखा वागला, आठव्या दिवशी मूळ पदावर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, दुसरं काय!

चैतरामनं छाती भरून घेतली अन् ती शिवी सोडली. ईश्वरदासची खास. भैताडाच्या पासून सुरू केली, आज्या-पणज्याची विचारपूस केली, शेवटाकडे आला... अन् तिथं जीभ अडखळली. तो शब्द काही निघेना. त्यानं तो वगळून पुढचं म्हटलं. शिवी पोचली खरी, पण लंगडत पोचली. रामलालनं वळूनही पाहिलं नाही.

मागून खुदखुद आवाज आला. चैतराम वळला. जमुनाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. वैशाखापासून पहिल्यांदा.

“काय झालं, वहिनी?”

“तो असा नाई मनत होता, भाऊजी. त्याच्यात अजून एक शब्द होता.”

“मालूम आहे,” चैतराम ओशाळून म्हणाला. “तो माह्या तोंडातून नाई निघत.”

जमुनाबाईनं पदर तोंडावरून काढला. चाळीस वर्षं तिनं ती शिवी अंगणातून ऐकली होती, चुलीपासून ऐकली होती, देवापुढं दिवा लावताना कान झाकून ऐकली होती. ती दगडाला धरून उभी राहिली. रामलालच्या धुऱ्याकडे तोंड केलं. अन् पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, शेवटाकडचा तो शब्द जसाच्या तसा घेऊन, तिनं ती अख्खी शिवी अशी खणखणीत म्हटली की तलावातले बगळे उडाले अन् पाट उकरणारी शामकला फावडं टाकून खाली बसली.

रामलाल ताडकन उठून उभा राहिला. त्यानं आधी आभाळाकडे पाहिलं, मग इकडं पाहिलं, अन् दोन्ही हात जोडून ओरडला, “बुजवतो जी काकी, बुजवतो!”

तो चिखलात धावत गेला अन् हातानंच आपल्या बांधीचं तोंड बुजवायला लागला. चैतराम अन् जमुनाबाई दगडाशी बसून चहा पिऊ लागले. थोड्या वेळानं पाटातून वळणारी धार जाड झाली अन् शेवटल्या बांधीत पाणी आलं.